गप्पी माशांच्या प्रकल्पाच्या नोंदी: बारा माद्या, दोन नर आणि टी-चाचणी

१४ नोव्हेंबर

आरोग्य उपकेंद्रामागच्या सिमेंटच्या टाक्यातून आज गप्पी आणले. दोन बादल्या, आणि जाळीच्या जागी आईची जुनी ओढणी. आरोग्य सेवक काकांनी हरकत घेतली नाही, फक्त बजावलं, "पाहिजे तेवढ्या ने, पण नाल्यात सोडू नोको बाप्पा." त्यांचं बरोबर आहे. हा मासा आपल्याकडचा नाही. दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा आणि त्रिनिदाद बेटावरचा. १८६६ साली रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी यांनी त्रिनिदादहून त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि त्यांचं आडनाव माशाला चिकटलं. डासाच्या अळ्या खातो म्हणून तो आता आमच्या दारव्हा तालुक्यातही टाक्या-टाक्यांत आहे. ओढ्यात गेला तर तिथल्या छोट्या मासोळ्यांचं काय होईल, याचा विचार टाक्यात सोडणाऱ्यानेच करायला हवा.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हा मासा घेतला, कारण तो घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळतो आणि एका मोठ्या प्रश्नाचा तो जगभरातला आवडता प्राणी आहे. मादी नर निवडते का, आणि निवडते तर कशावरून? जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी १९८० मध्ये दाखवलं, की शिकारी मासे नसलेल्या पाण्यात काही पिढ्यांतच गप्पी नर जास्त ठिपकेदार, जास्त रंगीत होत जातात. रंग लपवण्याची गरज संपली, की माद्यांच्या आवडीला वाव मिळतो. नारिंगी रंगाची आवड पुढे कितीतरी अभ्यासांत दिसली, पण सगळ्या वस्त्यांमध्ये सारखी नाही. सिमेंटच्या टाक्यात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्या माद्यांचं काय, हे मला पाहायचं आहे.

१७ नोव्हेंबर

काचेची टाकी छपरीत मांडली. लांबी ६० सेंमी, रुंदी ३०. दोन्ही टोकांना काचेचा पडदा चिकटवून एकेक कप्पा केला. एका कप्प्यात नारिंगी नर, दुसऱ्यात फिका. मादी मधात. काच पक्की लावल्यामुळे वास पलीकडे जात नाही, मादीला फक्त दिसतं. पडद्यापासून १० सेंमीवर बाहेरून मार्करने रेघ मारली. मादी रेघेच्या आत आली की 'नराजवळ', बाकी 'मधात'.

आजी दारात बसून बघत होती. "काय वं, आता मासोयाईचं लगन लावतं का?" मी म्हटलं, लगन नाही, पोरगी पसंत करते का ते बघतो आहोत. तिला हे आवडलं. म्हणाली, आमच्या वेळी कोणी विचारलं नाही.

२३ नोव्हेंबर

एक अडचण आधी लक्षात आली नव्हती. टाक्यातल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या माद्या गाभण आहेत. गप्पी मादी पिल्लांनाच जन्म देते, साधारण २५ ते ३० दिवसांनी एक खेप, आणि नराचं बीज महिनोन्महिने पोटात साठवून ठेवते. गाभण मादी नराकडे ढुंकून बघत नाही. कोवळी, कधीच न जुळलेली मादी किंवा नुकतीच प्रसवलेली मादी, एवढ्यांनाच नरात रस असतो. म्हणून १६ माद्या वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बरण्यांत ठेवल्या. जी पिल्लं देईल तिला पुढच्या दोन दिवसांत चाचणीला घ्यायचं. बरण्यांवर क्रमांक आणि तारीख. फळीवर आईची लोणच्याची बरणी एका कोपऱ्यात सरकली.

५ डिसेंबर

पहिली मादी. सकाळी सातला पाणी १८ अंश होतं, सगळेच मासे तळाशी गप्प. अकरानंतर ऊन छपरीत आलं तेव्हा २३ झालं. ठरवलं की निरीक्षण फक्त ११ ते ३, आणि पाणी २२ च्या खाली असेल तर त्या दिवशी नाही.

मादी सोडल्यावर दहा मिनिटं रुळू द्यायची, मग ६०० सेकंद मोजायचे. आज ती बराच वेळ खिडकीकडच्या टोकाला थांबली. तिकडे नारिंगी नर होता. मन उगाच हरखलं. मग नरांच्या जागा बदलून पुन्हा ६०० सेकंद घेतले तेव्हा कळलं, की तिला खिडकीही आवडत होती. दोन्ही वेळा मिळून नारिंगीजवळ ५२०, फिक्याजवळ ४१०, उरलेला वेळ मधात. जागेची अदलाबदल केली नसती तर खिडकीची आवड मी नराच्या नावावर लिहिली असती.

मोजताना डोळ्यासमोर नरांचे रंग असले की हात स्टॉपवॉचवर लवकर किंवा उशिरा पडतो, असंही जाणवलं. उद्यापासून वरून मोबाइलने चित्रफीत घ्यायची, आणि मोजताना मोबाइलच्या पडद्याच्या दोन्ही टोकांवर पुठ्ठ्याची पट्टी लावायची. नववीतला चुलतभाऊ मोजेल. कोणता नर कुठे आहे हे त्याला सांगायचं नाही.

११ डिसेंबर

वेचणी सुरू आहे, घरात दिवसा कोणी नाही. पाच माद्या झाल्या. भाऊ एका फितीवर वैतागला, "ताई, हे तं मधातच उभी हाय." मी म्हटलं, मधात उभी असेल तर मधात लिही. तोही आकडाच आहे.

१९ डिसेंबर

बारा पूर्ण. उरलेल्या चार माद्या अजून प्रसवल्या नाहीत. थंडी वाढली, त्यामुळे इथे थांबते. १२०० सेकंदांपैकी नारिंगीजवळचा वेळ वजा फिक्याजवळचा वेळ, मादी १ ते १२:

११०, २७०, उणे १५, १८५, उणे ४०, ३३०, ८५, १२५, ११०, उणे ९०, २३०, १४०.

नऊ माद्या नारिंगीकडे, तीन फिक्याकडे.

२१ डिसेंबर

तालुक्याच्या गावी जाऊन संगणकावर एक्सेलमध्ये भरलं. नारिंगीजवळचे बारा आकडे एका रकान्यात, सरासरी ५२१.७, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ७८.७. फिक्याजवळचे दुसऱ्यात, सरासरी ४०१.७, प्रमाण विचलन ५७.३. दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासणाऱ्या टी-चाचणीचं सूत्र लावलं. टी ४.२७; पी, म्हणजे खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा टी योगायोगाने येण्याची शक्यता, ०.००१ पेक्षाही खूप लहान. परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात निष्कर्षाचं प्रकरण लिहायला घेतलं होतं.

२३ डिसेंबर

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "सूत्रात शेवटी टाइप विचारतो, तिथे किती घातलं?" मी २ घातलं होतं. म्हणजे दोन स्वतंत्र गट, समान विचलन. मॅडम म्हणाल्या, "बारा माद्या एका गटात, बारा दुसऱ्या गटात, अशा चोवीस माद्या आहेत का तुझ्याकडे?"

नाहीत. बाराच आहेत. प्रत्येकीने दोन्ही आकडे दिले आहेत.

मग रात्री वहीवर हाताने केलं, म्हणजे प्रत्येक पायरी दिसते. फरकांची बेरीज १४४०, भागिले १२, सरासरी १२० सेकंद. प्रत्येक फरकातून १२० वजा करून वर्ग, त्यांची बेरीज १,७२,७००. भागिले ११, म्हणजे १५,७००. वर्गमूळ १२५.३, हे फरकांचं प्रमाण विचलन. त्याला १२ च्या वर्गमुळाने, ३.४६४ ने भागलं, प्रमाण त्रुटी (सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते त्याचं माप) ३६.१७. टी म्हणजे १२० भागिले ३६.१७ = ३.३२. स्वातंत्र्याच्या मात्रा (इथे माद्यांची संख्या वजा एक) ११. तक्त्यात ५ टक्क्यांना २.२०१, १ टक्क्याला ३.१०६. माझा टी दोन्हींहून मोठा, म्हणजे १ टक्क्याच्या पातळीवरही सार्थक, नुसत्या योगायोगाने सहज न येणारा. ९५ टक्के विश्वास मर्यादा, म्हणजे खरा सरासरी फरक ज्या पट्ट्यात असावा तो, साधारण ४० ते २०० सेकंद.

निष्कर्ष तोच राहिला, पण टी ४.२७ वरून ३.३२ वर आला आणि मला झोप आली नाही. कारण वर्गात शिकलो होतो ते उलट आहे. जोडी लावली, म्हणजे एकीचे दोन्ही आकडे जोडून फरक घेतला, की चाचणी धारदार होते, टी वाढतो, असं शिकवलं होतं. इथे कमी का झाला?

२४ डिसेंबर

उत्तर सापडलं, आणि ते या प्रकारच्या आकड्यांचं मर्म आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

जोडी लावल्याने फायदा होतो तो दोन आकडे एकाच दिशेने चालतात तेव्हा. एकाच रुग्णाचं औषधाआधीचं आणि नंतरचं वजन घेतलं, तर जाड माणूस दोन्ही वेळा जाड असतो. फरक घेतला की माणसामाणसातलं अंतर गळून पडतं. पण माझ्या टाकीत मादी एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते. नारिंगीजवळ गेलेला प्रत्येक सेकंद फिक्यापासून काढून घेतलेला असतो. म्हणून दोन रकाने उलट्या दिशेने चालतात. सहसंबंध काढला, उणे ०.६९ आला. रकाने एकमेकांशी असंबद्ध असते तर फरकांचं विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ६१९७ अधिक ३२८८, म्हणजे ९४८५ असतं. प्रत्यक्षात ते १५,७०० आहे. २१ तारखेच्या चाचणीने हे जास्तीचं डोलणं पाहिलंच नाही. तिला वाटलं, दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन वेगळे पुरावे येत आहेत. पुरावा एकच होता, मी तो दोनदा मोजला होता.

या चाचणीचा जन्मही मला आज नीट कळला. विल्यम सीली गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करत. बार्लीचे, मद्याचे छोटे छोटे नमुने घेऊन निर्णय करावे लागत, आणि तेव्हाचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांचं होतं. १९०८ मध्ये त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने लेख छापला. त्यातलं उदाहरण झोपेच्या दोन औषधांचं आहे. दहा रुग्ण, प्रत्येकाला दोन्ही औषधं, आणि गणित केलं ते प्रत्येकाच्या फरकावर. म्हणजे चाचणी जन्मली तेव्हाच ती जोडीच्या फरकाची होती. आम्हाला मात्र दोन गटांचं सूत्र आधी पाठ करायला लावलं.

२८ डिसेंबर

बारा फरक आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी मांडले. १०० ते १५० च्या आसपास गर्दी, दोन्ही बाजूंना विरळ, एकटा भरकटलेला ठिपका नाही. एवढ्या लहान नमुन्यात 'नॉर्मल आहे' (टी-चाचणीला लागतो तसा, मधे गर्दी आणि दोन्हीकडे सारखा उतार) असं छातीठोक म्हणता येत नाही, पण धोक्याचं काही दिसत नाही. खात्रीसाठी विलकॉक्सनची क्रमांकांची चाचणीही केली, म्हणजे फरकांना लहान ते मोठे असे क्रमांक देऊन. उणे फरकांच्या क्रमांकांची बेरीज १ अधिक २ अधिक ४, म्हणजे ७. बारा जोड्यांना ५ टक्क्यांची मर्यादा १३ आहे, बेरीज त्याहून मोठी नको. दोन्ही चाचण्या एकच सांगतात.

वर्गमित्राने सुचवलं, की प्रत्येक मादीचे दोन भाग (अदलाबदलीआधीचा आणि नंतरचा) वेगळे धर, म्हणजे २४ आकडे होतील, टी वाढेल. त्याला नाही म्हटलं. एकीला दोनदा विचारल्याने दोन माद्या होत नाहीत.

४ जानेवारी

महाविद्यालयात गेले होते. संख्याशास्त्राच्या सरांना वही दाखवली. त्यांनी गणित तपासलं, मान डोलावली. वही मिटता मिटता म्हणाले, "माद्या बारा. नर किती?"

मी म्हटलं, दोन.

सर काही बोलले नाहीत. वही परत दिली आणि चहा सांगितला. मला चहा गेला नाही.

५ जानेवारी

बारा माद्यांनी जो नर पसंत केला तो एकच नर आहे. तो नारिंगी आहे हे खरं. पण तो जरा मोठाही होता, आणि सतत पुढेमागे फिरायचा. फिका नर बहुतेक वेळा कोपऱ्यात. माझा टी ३.३२ एवढंच सांगतो, की उपकेंद्राच्या टाक्यातल्या माद्यांना 'हा' नर 'त्या' नरापेक्षा जास्त आवडला. 'नारिंगी' हा शब्द त्या आकड्यात कुठेच नाही. तो मी बाहेरून घातला.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी कपाशीचे दोन वाण लावले होते. एक विहिरीकडच्या अर्ध्या वावरात, दुसरा बांधाकडे. विहिरीकडचा जास्त पिकला. शेजारचे काका म्हणाले, तोच वाण घ्या. बाबा म्हणाले, वाण पिकला की विहीर पिकली, कोणाला माहीत? मग पुढच्या वर्षी त्यांनी एक-एक तास (ओळ) आलटून-पालटून पेरला. तेव्हा मी अकरावीत असल्यासारखी कंटाळून ऐकत होते. विहिरीकडची शंभर झाडं मोजली काय, हजार मोजली काय, विहीर एकच राहते. माझ्या टाकीत बारा माद्या घातल्या काय, शंभर घातल्या काय, नारिंगी नर एकच राहतो.

या चुकीला शास्त्रात नाव आहे, खोटी पुनरावृत्ती. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांबद्दल ती मांडली. नाव माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. स्वतःच्या टाकीत ओळखू आलं नाही.

६ जानेवारी

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे बारा आकडे फेकू नकोस, 'पहिली मालिका' म्हणून ठेव, नर दोनच होते हे पहिल्याच ओळीत लिही, आणि नवी मालिका कर. मुदत मार्चअखेर आहे. करते.

२० जानेवारी

तूर काढणी. चार दिवस मासे फक्त भावाच्या भरवशावर होते. दोन नर दगावले, हवेचा पंप वीज गेल्यावर बंद राहिला होता. भावाला बोलले नाही, रात्री दोन वाजता पंप कोण बघणार.

२९ जानेवारी

नर निवडणं हे सगळ्यांत वेळखाऊ काम निघालं. २४ नर हवेत, १२ जोड्या. प्रत्येक जोडीत एक नारिंगी, एक फिका, पण लांबीत १ मिमीपेक्षा जास्त फरक नको. नराला अरुंद काचेच्या पेटीत उभा धरून मागे आलेखाचा कागद लावते आणि मोबाइलने फोटो घेते. मग इमेज-जे या मोफत प्रणालीत शरीराचं क्षेत्रफळ आणि नारिंगी डागांचं क्षेत्रफळ मोजते. ढगाळ दिवशीचे फोटो पिवळट येतात, ते टाकून पुन्हा घेतले. कापसाचं चुकारं मोजावं तसं बाबा कंदील घेऊन पाहत बसले होते. त्यांनी एक नर ओळखला, "हा तं मागच्या महिन्यातला." खरंच तोच होता, पहिल्या मालिकेतला नारिंगी. त्याला बाजूला काढला.

एक गंमत वाटली. हा नारिंगी रंग बराचसा खाण्यातून येतो. त्यातली कॅरोटिनॉइड द्रव्यं माशाला स्वतः बनवता येत नाहीत, शेवाळातून मिळवावी लागतात. म्हणजे रंग हा नराच्या पोटभर खाण्याचाही दाखला असू शकतो. पण तो वेगळा प्रकल्प.

९ फेब्रुवारी

सुरू करण्याआधी लिहून ठेवते, म्हणजे नंतर मन बदलणार नाही: बारा नव्या माद्या, बारा नव्या जोड्या, प्रत्येक मादीला वेगळी जोडी. पहिली बाजू नाणं उडवून. फरकावर टी-चाचणी, दोन्ही शेपट्यांची (फरक कुठल्याही बाजूचा असला तरी मोजणारी), पातळी ५ टक्के. मादी नारिंगीकडेच जाईल असं मला वाटतं म्हणून एका शेपटीची चाचणी घ्यायची नाही, कारण त्या फिक्याकडे गेल्या असत्या तर तेही मी हौसेनेच लिहिलं असतं. बारा झाल्यावर थांबायचं. पी ०.०६ आला म्हणून आणखी चार माद्या घ्यायच्या नाहीत. दर चार माद्यांनंतर डोकावत राहिलं आणि हवं ते दिसल्यावर थांबलं, तर ५ टक्के हे ५ टक्के राहत नाहीत.

हे पान मॅडमना फोटो काढून पाठवलं.

१८ फेब्रुवारी

सहा झाल्या. बेरीज करायचा मोह झाला. केली नाही.

२६ फेब्रुवारी

बारा झाल्या. फरकांची सरासरी ७८ सेकंद, प्रमाण विचलन ११२, प्रमाण त्रुटी ३२.३. टी २.४१, मात्रा ११, पी सुमारे ०.०३. विश्वास मर्यादा ७ ते १४९ सेकंद.

डिसेंबरमध्ये १२०, आता ७८. काही भाग त्या एका रुबाबदार नराचा असणार. काही भाग पाण्याचाही असेल, डिसेंबरमध्ये २३ अंश होतं, आता २७. दोन्ही मालिका एकत्र करून २४ माद्यांची एक टी-चाचणी मी करणार नाही. पण या वेळी 'नारिंगी' हा शब्द लिहिण्याचा हक्क मिळाला आहे. बारा वेगवेगळे नारिंगी नर, बारा वेगवेगळे फिके.

मला ७ ते १४९ ही जागा पी पेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. वीस मिनिटांत सात सेकंदांचा कल म्हणजे जवळजवळ काहीच नाही, दीडशे सेकंदांचा म्हणजे उघड ओढ. माझ्या आकड्यांना दोन्ही मान्य आहे.

३ मार्च

पळस फुलला आहे. वावराच्या बांधावरचा तर नुसता पेटलाय, पान एक नाही. अंगणातल्या हौदाच्या पाण्यावर वाऱ्याने आलेल्या पाकळ्या तरंगत होत्या. हौदात मी उरलेले गप्पी ठेवले आहेत. आठ-दहा मासे, नर आणि माद्या दोन्ही, त्या पाकळ्यांना खालून टोचत होते.

बराच वेळ बघत उभी राहिले. मग आठवलं. जीवशास्त्रज्ञ हेलन रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००२ चं काम. त्रिनिदादच्या ओढ्यांत झाडांची नारिंगी फळं पडतात, गप्पी ती तुटून पडून खातात. नारिंगी चकती पाण्यात ठेवली तर नर-माद्या दोघंही तिला टोचतात. आणि ज्या वस्तीतल्या माशांना चकतीची ओढ जास्त, त्या वस्तीतल्या माद्यांना नारिंगी नरांचीही ओढ जास्त. म्हणजे आवड आधी खाण्याची असेल, नर नंतर त्या रंगात उतरले असतील.

मग माझ्या टाकीतली मादी काचेजवळ थांबली ती नरासाठी, की नारिंगीसाठी?

४ मार्च

मॅडम म्हणाल्या, वेळ कमी आहे, पण छोटी चाचणी कर. नरांच्या कप्प्यात नर नाहीत. एका कप्प्यात पळसाची पाकळी दोऱ्याने टांगलेली, दुसऱ्यात तेवढाच एका हिरव्या पानाचा तुकडा. पाकळी दर वेळी नवी. आठ नव्या माद्या, एवढ्याच आता प्रसवल्या आहेत. रीत तीच, अदलाबदल तीच, १२०० सेकंद.

१४ मार्च

आठ झाल्या. फरकाची सरासरी ४८ सेकंद पाकळीकडे, प्रमाण विचलन ९६, प्रमाण त्रुटी ३३.९. टी १.४१, मात्रा ७, तक्त्यातली मर्यादा २.३६५. सार्थक नाही.

भाऊ खूश झाला. "म्हणजे ताई, नर पायजे, फूल नाही." मलाही क्षणभर तसंच वाटलं. प्रबंधात हे वाक्य किती छान दिसलं असतं: नारिंगी नराची ओढ सार्थक, नारिंगी पाकळीची नाही, म्हणून ही खरी जोडीदाराची निवड आहे.

१५ मार्च

ते वाक्य लिहिता येत नाही. एक सार्थक आणि दुसरं सार्थक नाही, यावरून दोन्हींत फरक आहे असं ठरत नाही. फरक आहे का हे विचारायचं, तर फरकाचीच चाचणी करायला हवी. इथे मात्र बारा माद्या वेगळ्या आणि आठ माद्या वेगळ्या, म्हणून डिसेंबरमध्ये चुकीच्या जागी वापरलेली दोन गटांची चाचणी आता तिच्या खऱ्या जागी आली. विचलनं आणि संख्या सारख्या नाहीत म्हणून वेल्चची घेतली, एक्सेलमधला टाइप ३.

सरासरीतला फरक ७८ वजा ४८, म्हणजे ३०. प्रमाण त्रुटी ३२.३ आणि ३३.९ च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ४६.९. टी ०.६४, मात्रा सुमारे १६.७. पी अर्ध्याच्या वर.

आणि पाकळीची विश्वास मर्यादा पाहिली तर उणे ३२ ते १२८. म्हणजे पाकळीची ओढ शून्य असू शकते, आणि नराइतकीही असू शकते. आठ माद्यांत एवढंच कळतं. 'पाकळीकडे ओढ नाही' असं म्हणणं म्हणजे अंधारात हात फिरवून खोली रिकामी आहे सांगणं.

भावाला वहीत दोन पट्ट्या काढून दाखवल्या, एक ७ ते १४९, एक उणे ३२ ते १२८. त्याने त्या एकमेकींवर बोट फिरवून पाहिल्या आणि म्हणाला, "हे तं एकमेकाईवर चढल्या हायेत." त्याला समजलं.

१७ मार्च

प्रबंधाचं शीर्षक बदललं. 'गप्पी माद्यांची जोडीदाराची पसंती' होतं. आता 'गप्पी माद्यांनी नारिंगी आणि फिक्या नरांजवळ घालवलेला वेळ'. मॅडमना विचारलं, हे फार साधं वाटतं का? त्या म्हणाल्या, मोजलंस ते हेच ना?

हेच मोजलं. पसंती मोजायची तर मधली काच काढावी लागेल. नर मादीपुढे अंग इंग्रजी एसच्या आकारात वाकवून थरथरतो, आणि पसंत पडला तर मादी संथ सरकत त्याच्याकडे जाते. ते सरकणं मोजायला हवं. नराने किती वेळा नाच केला आणि त्यातल्या कितींना मादीने उत्तर दिलं, असा प्रत्येक मादीचा एक आकडा. आणि माद्या कधीच न जुळलेल्या हव्यात, म्हणजे पिल्लं असतानाच नरांपासून वेगळ्या केलेल्या.

मुदतीत हे बसत नाही. प्रबंधात 'पुढील काम' म्हणून दोन ओळी येतील. पण मासे घरात आहेत आणि उन्हाळा रिकामा आहे.

१९ मार्च

वापरून झालेले नर आणि माद्या बादलीत भरून उपकेंद्राच्या टाक्यात परत सोडले. काकांनी विचारलं, "झालं का लगन?" म्हटलं, पोरगी अजून विचार करून रायली.

२३ मार्च

फेब्रुवारीच्या शेवटी जन्मलेली पिल्लं आता तीन-साडेतीन आठवड्यांची आहेत. नर होणार असेल तर पोटाखालचा मागचा पर टोकदार व्हायला लागतो. तो दिसायच्या आत वेगळं करायला हवं, म्हणून रोज सकाळी भिंग घेऊन बसते. आज नवव्या बरणीतून तीन पिल्लं काढली, दोघांचा पर अजून पंख्यासारखा गोल आहे, एकाबद्दल शंका आहे. शंकेचं एकटं चौदाव्या बरणीत ठेवलं. आजीने स्वतःहून लोणच्याची बरणी फळीवरून खाली उतरवून जागा करून दिली.